घरच्या साहित्यातून आगगाडीचा देखावा : कार्यानुभवाचा एक पाठ

जाफराबाद तालुक्यात आजमितीस रेल्वेमार्ग नाही. केळणा व पूर्णा या नद्यांच्या काठी वाढणाऱ्या आपल्या बालकांपैकी पुष्कळांनी आगगाडी प्रथम पाहिलेली असते ती पाठ्यपुस्तकातील चित्रात, नाहीतर वडिलांच्या मोबाईलवर. असे असूनही, किंबहुना म्हणूनच, ‘सुटीत घरी काय करून आणाल?’ असा प्रश्न वर्गात टाकला की ‘आगगाडी’ हे उत्तर हटकून येते. या उत्तराचे आपण शिक्षक काय करतो, याविषयी शिक्षकबंधू-भगिनींशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून मी गेलो होतो. तेथे आगगाडीच्या विषयावर दोन वस्तू मांडलेल्या होत्या. एक होते थर्मोकोलचे स्थानक. ते शहरातील दुकानातून तयार आणलेले होते. रंग झगझगीत, पाट्या इंग्रजी वळणाच्या, आणि फलाटावरील माणसे डब्यांपेक्षा उंच. दुसरे होते ज्वारीच्या धांड्याचे रेल्वे फाटक. आजोबांबरोबर जालन्यास गेला असता एका सहावीच्या मुलाने जे पाहिले, ते त्याने ओसरीवर बसून केले होते. मी पहिला क्रमांक थर्मोकोलास दिला. निघताना तो मुलगा फाटक पोत्यात भरीत होता, म्हणून सहज विचारले, तेव्हा त्याने दांडा वरखाली करून दाखविला. मागच्या टोकाला सायकलीचा एक जाड नट बांधलेला होता. तो म्हणाला, ‘‘सायेब, आधी दांडा उठतच नव्हता. नट मागं मागं सारत गेलो, मग आला वर.’’

तरफेचा पाठ मी उमेदीच्या वर्षांत कितीतरी वेळा फळ्यावर शिकविला आहे. टेकू, भार, बल हे शब्द मुलांकडून घोकूनही घेतले आहेत. ज्या मुलाने भाराचे टेकूपासूनचे अंतर वाढविले म्हणजे काय होते हे आपल्या बोटांनी शोधून काढले, तो माझ्या समोर उभा होता, आणि निकालपत्रकावर माझी सही होऊन गेलेली होती. ती मी बदलली नाही. आज बदलली असती.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. देखावा करावयाचा तर सर्वप्रथम प्रमाण ठरविले पाहिजे. या छंदातील परदेशीय मंडळी बहुधा १:८७ हे प्रमाण धरतात. आपल्या वर्गासाठी १:१०० अधिक सोयीचे, कारण त्यात एक मीटर म्हणजे एक सेंटिमीटर होतो आणि मुलांना पट्टीवरच उत्तर मिळते. मनमाड-सिकंदराबाद हा जालन्यावरून जाणारा मार्ग निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास झाला, तो मीटरगेज होता. त्याच्या दोन रुळांमधील अंतर एक मीटर, म्हणजे आपल्या देखाव्यात नेमके एक सेंटिमीटर. पुढे या मार्गाचे रुंदीकरण झाले. आजच्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर आहे; देखाव्यात ते जवळजवळ १७ मिलिमीटर भरेल. मुलांना हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी आखावयास सांगावे आणि घरी आजी-आजोबांना ‘लहान गाडी’ची आठवण विचारावयास पाठवावे. गणित व इतिहास एकाच पाटावर येतात.

पुढचा हिशेब मुलांनी स्वतः करावा. रुळांखालील दोन स्लीपरांमधील अंतर सुमारे ६० सेंटिमीटर असते, म्हणजे देखाव्यात ६ मिलिमीटर. एक मीटर लांबीच्या रुळाला मग किती काड्या लागतील? सुमारे १६६. स्लीपर पावणेतीन मीटर लांबीचा असल्याने आगपेटीची जळकी काडी तोडून पावणेतीन सेंटिमीटरांची करावी लागते. आजच्या नव्या धर्तीचा प्रवासी डबा सुमारे साडेतेवीस मीटर लांब असतो. असे वीस डबे जोडले तर कागदी गाडी ४ मीटर ७० सेंटिमीटर होते आणि वर्गाची एक भिंत जवळजवळ व्यापते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव या १७४ किलोमीटर लांबीच्या नव्या मार्गास मंजुरी दिली. तो याच प्रमाणात मांडावयाचा तर पावणेदोन किलोमीटर जागा हवी! हे ऐकून वर्गात जो हशा पिकतो, त्यानंतर नकाशाचे प्रमाण वेगळे शिकवावे लागत नाही. फलाटावरील माणूस दीड-पावणेदोन सेंटिमीटरांहून उंच असता कामा नये, हेही मग मुलेच एकमेकांना सुनावतात.

डोंगर करताना मुले एक चूक नेमकी करतात. रूळ सरळ शिखरावर नेतात. त्या वेळी रागे भरू नये. खंडाळ्याच्या घाटाची गोष्ट सांगावी. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या त्या बोरघाटातील मार्गाचा कठीणात कठीण चढ ३७ स १ आहे. आपल्या पाटावर एक मीटर अंतरात रूळ पावणेतीन सेंटिमीटरच वर चढेल, अधिक नाही. मग डोंगर ओलांडावयाचा कसा? वळसे घेऊन, नाहीतर बोगदा खोदून. बोगद्याची आवश्यकता मुलांना अशी पटली, म्हणजे ती बोगदा शोभेसाठी करीत नाहीत.

साहित्याच्या बाबतीत आपण दरिद्री नाही. रस्ते, बांध व शेते मातीची करावीत; परंतु निव्वळ काळी माती घेऊ नये. पाण्याने ती फुगते, वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. आपल्या शेतांत उन्हाळ्यात हे सर्वांनी पाहिलेलेच आहे. घरे सारवणाऱ्या बायांना जे ठाऊक आहे तेच येथे करावे : पांढरी माती, त्यात बारीक भुसा व थोडे शेण. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखालील गिलाव्यातही मातीत तूस व वनस्पतींचे तंतू कालविलेले आढळतात, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. डोंगराचा सांगाडा तुरीच्या काड्यांचा करून त्यावर रद्दी कागदाचे तुकडे कणकेच्या खळीत भिजवून चिकटवावेत व उन्हात कडक वाळवावेत. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी तीत मोरचूद घालीत. तो विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये. झाडांसाठी वाळलेल्या पऱ्हाटीची फांदी व घोसाळ्याची जाळी, गवतासाठी सुताराकडील रंगविलेला भुसा, रुळांखालच्या खडीसाठी चाळलेली काळ्या दगडाची कच. खरी खडीही आपल्याकडील काळ्या पाषाणाचीच असते. ज्वारीच्या धांड्याच्या चोया व आतील भेंड यांतून आपली मुले बैलगाडी करीत आलीच आहेत. त्याच हातांना डबे जड नाहीत. सांध्यासाठी सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी उत्तम. आगकाड्या व ही नळी जोडून आकृती करण्याची युक्ती अरविंद गुप्ता यांनी १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद येथे विज्ञानशिक्षणाचे काम करताना योजिली, आणि पुढे ती देशभर शाळांत गेली.

गाडी चालविण्याचा मोह झाल्यास खेळण्यातील मोटार व साधा सेल पुरतो. घरच्या विजेच्या बटणाशी काहीही जोडू देऊ नये. मला स्वतःला दोऱ्याने ओढलेली गाडीही पुरेशी वाटते.

हा उद्योग परका आहे असे कोणी समजू नये. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर आळीव पेरणारी महाराष्ट्रातील मुले देखाव्याचीच कला करीत असतात. पुण्यास कोथरूड भागात जोशी यांचे लहान आगगाड्यांचे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी छंद म्हणून ज्या गोष्टीस आरंभ केला, तिचे १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झालेले हे रूप. सहल पुण्यास जात असेल तर ते अवश्य दाखवावे. मात्र देखावा स्वतः एकदा करून झाल्यावर दाखवावे. ज्याने १६६ काड्या तोडल्या आहेत, त्याचीच दृष्टी तेथील रुळांवर खिळते. आधी दाखविले तर मुले फक्त विकत घेण्याचा हट्ट धरून परततात.

एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. हे काम एका तासिकेत उरकत नाही. ते ओसरीवर, गोठ्याच्या कडेला, अनेक संध्याकाळी चालते, आणि ‘अभ्यास सोडून खेळतो’ म्हणून आई रागावते. शिक्षकाने एकदा घरी जाऊन त्या माउलीस दोन शब्द सांगावेत. तिच्याकडूनच सारवणाच्या मातीचे प्रमाण विचारून घ्यावे. माझ्या अनुभवात त्यानंतर तक्रार राहात नाही. पालकांनी मदत करावी, पण पट्टी व कात्री मुलाच्या हाती असावी. दप्तरविरहित दिवशी असे अर्धवट देखावे वर्गात आणवून मुलांनी एकमेकांच्या चुका काढाव्यात, हेही करून पाहावे.

सजावटीच्या थर्मोकोलावर राज्य शासनाने २०१८ मध्येच बंदी घातली आहे, त्यामुळे पुढील प्रदर्शनात ते स्वीकारले जाणार नाही. याशिवाय परीक्षक म्हणून मी प्रत्येक मुलास दोन गोष्टी विचारणार आहे : याचे प्रमाण काय, आणि करताना काय बिघडले होते. वस्तूचा एखादा भाग सुटा करून पुन्हा बसवून दाखविण्यासही सांगेन. तेव्हा खिळे-डिंकाने सर्व कायमचे ठोकून आणू नये, एवढे मुलांना आधी कळवावे.