पऱ्हाटी काहून सापडत नाही?

आमचे मोठेबाबा शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. नोकरीच्या वर्षांत त्यांनी वऱ्हाडी शब्दांची एक वही भरली आणि २००३ साली ती डीटीपी सेंटरवर टाइप करून घेतली. वहीला पुढे वाळवी लागली, सीडी तेवढी उरली. मी पुण्यात वेबसाइट बनवण्याचं काम करते. दिवाळीला कामरगावला आले, तेव्हा त्यांनी ती सीडी माझ्या हातात दिली. "याची वेबसाइट करून दे," एवढंच म्हणाले. ओसरीवर लॅपटॉप उघडला आणि आमचं बोलणं सुरू झालं.

मोठेबाबा: हे काय गं? मी मराठीत टाइप करून घेतलं होतं. इथे तर सगळी इंग्रजी अक्षरं. फाइल खराब झाली काय?

मी: नाही, मोठेबाबा. एकही अक्षर जागचं हललेलं नाही. ही पहिली ओळ पाहा. डी, के, ई, जे, एक्स, के, ओ. हे आपलं गाव आहे, कामरगाव.

मोठेबाबा: बाप्पा! ते कसं काय?

मी: कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, याचा एक तक्ता लागतो. १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' नावाचा तक्ता ठरला. त्यात जागा १२८. इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं एवढ्यातच ती संपली. मराठीला जागाच नव्हती. मग 'कृतीदेव'सारख्या फॉन्टांनी वाट काढली. लहान डीच्या जागी 'क'चं चित्र बसवलं, केच्या जागी काना, ईच्या जागी 'म'. आत साठला तो डीचाच आकडा, १००. तो फॉन्ट ज्याच्याकडे आहे त्याला 'क' दिसतो. माझ्याकडे नाही, म्हणून मला डी दिसते.

मोठेबाबा: म्हणजे मला मराठीचं चित्र मिळालं, मराठी मिळाली नाही.

मी: अगदी तसंच. कागदावर छापायचं असेल तर चित्र पुरतं. पण या फाइलीत 'कामरगाव' शोधा, सापडणार नाही. अंध माणसाला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही 'डी के ई जे' असंच वाचेल.

मोठेबाबा: मग मराठीचे खरे आकडे आहेत कुठे?

मी: युनिकोडमध्ये. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली. जगातल्या लिप्यांसाठी एकच तक्ता, त्यात देवनागरीचा स्वतःचा पट्टा, २३०४ पासून २४३१ पर्यंत. ही मांडणी आपल्याकडच्या 'इस्की' या भारतीय प्रमाणावरून घेतलेली आहे. देवनागरीच्या पट्ट्यात 'क' २३२५, काना २३६६, 'म' २३५०, 'र' २३५२, 'ग' २३२७, पुन्हा काना २३६६, 'व' २३५७. हे सात आकडे म्हणजे कामरगाव. फॉन्ट कोणताही लावा, आकडे बदलत नाहीत.

मोठेबाबा: मग सोपं आहे. १०० दिसला की २३२५ लिही. तुझं मशीन क्षणात करेल.

मी: मलाही आधी तसंच वाटलं. एक छोटं पान बनवलं. डावीकडे जुना मजकूर टाकायचा, उजवीकडे नवा निघतो. 'कामरगाव' बरोबर आलं. मग 'मूर्तिजापूर' टाकलं, तर हे पाहा काय निघालं: 'मूितर्जापूर'.

मोठेबाबा: वेलांटी सुटी पडली, रफार भलतीकडेच गेला.

मी: कारण जुन्या फॉन्टात टाइपरायटरचा क्रम आहे. आधी वेलांटी, मग 'त', मग त्याच्या डोक्यावर रफार. नजरेला दिसतं तसं, डावीकडून उजवीकडे. युनिकोडमध्ये क्रम वेगळा. तुम्ही 'मूर्ति' सावकाश म्हणून पाहा बरं.

मोठेबाबा: मू... र्... त्... इ. अरे! 'र्' आधी येतो, मग 'त', आणि इकार शेवटी.

मी: साठवताना हाच क्रम ठेवतात. वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि रफार वर चढवायचा, हे काम पडद्यावर दाखवताना फॉन्ट करतो.

मोठेबाबा: म्हणजे जुनी पद्धत डोळ्याने लिहायची, ही कानाने लिहिते. मुलांना जोडाक्षरं फोडून दाखवताना मी वर्षानुवर्षं हेच सांगत होतो.

मी: म्हणूनच मला तुमची मदत लागणार आहे. वेलांटी कितव्या अक्षरापुढे न्यायची, रफार किती मागे सरकवायचा, याचे नियम मी लिहिते. शब्द बरोबर निघाला की नाही, ते तुम्ही सांगायचं.

दोन दिवस हेच चाललं. फाइल बदलून झाली. मधल्या काळात मोठेबाबांनी आठवतील तसे नवे शब्द मोबाइलवरून भरले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी मला हाक मारली.

मोठेबाबा: हे पाय बरं. पऱ्हाटी हा शब्द मी स्वतः भरला. कापसाचं झाड म्हणजे पऱ्हाटी, ते काय मी विसरेन? पण तुझ्या लॅपटॉपवर शोधला, तर म्हणते, नाही. काहून?

मी: थांबा, आकडेच पाहू. तुमच्या मोबाइलवरचा शब्द: प, ऱ, हलन्त, ह, काना, ट, दीर्घ वेलांटी. सात आकडे. आता मी लॅपटॉपवर टाइप केलेला: प, र, हलन्त, मग ८२०५, मग ह, काना, ट, दीर्घ वेलांटी. आठ.

मोठेबाबा: हे ८२०५ कोण?

मी: जोडणारं चिन्ह. पडद्यावर ते दिसत नाही. आधीच्या 'र'ला एवढंच सांगतं की तू रफार होऊन वर जाऊ नको, आडवा राहा. काही कीबोर्ड हा आडवा 'र' एका रीतीने घडवतात, काही दुसऱ्या. दोन्हीकडे दिसतं 'पऱ्हाटी'च. पण शोधताना कॉम्प्युटर रूप पाहत नाही, आकडे जुळवतो.

मोठेबाबा: मग तुऱ्हाटीचंही तेच होणार. आणि खुद्द वऱ्हाडचंही!

मी: हो. म्हणून दोन ठिकाणी चाळणी लावते. शब्द साठवताना दुसरी रीत मोडून पहिली करायची, आणि कोणी शोधायला टाकलेल्या शब्दालाही तीच चाळणी लावायची. मग कोणी कोणत्याही कीबोर्डवरून लिहो, सापडेल.

मोठेबाबा: एक विचारू? कधी कधी मोबाइलवर मराठीच्या जागी चौकोन येतात, कधी प्रश्नचिन्हं. तो कोणता प्रकार?

मी: चौकोन आले तर घाबरायचं नाही. आकडे शाबूत असतात, दाखवायला फॉन्ट नसतो. कधी सगळीकडे डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए दिसतो. तेव्हा वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता धरलेला असतो. इंटरनेटवर 'यूटीएफ-८' पद्धतीत मराठीचा प्रत्येक आकडा तीन बाइटांत जातो, म्हणजे कामरगावचे २१ बाइट. ते सुटे सुटे वाचले की २१ भलतीच चिन्हं उमटतात. पानाच्या सुरुवातीला 'हे यूटीएफ-८ आहे' एवढं लिहिलं की बहुतेक वेळा दुरुस्त होतं. प्रश्नचिन्हं मात्र वाईट. साठवताना जागा मिळाली नाही म्हणून अक्षर टाकून दिलं आणि तिथे प्रश्नचिन्हाचा आकडा लिहिला. ते परत येत नाही.

मोठेबाबा: म्हणजे मूळ प्रत जपली पाहिजे.

मी: जपलीच पाहिजे. वेबसाइट आज आहे, उद्या बंद पडेल. म्हणून सगळे शब्द एका साध्या फाइलीतही ठेवलेत. एक प्रत तुमच्याकडे, एक माझ्याकडे, एक पेन ड्राइव्हवर कपाटात.

मोठेबाबांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला आणि एका बोटाने सावकाश लिहिलं: पऱ्हाटी. क्षणभरात शब्द आला, खाली त्यांनीच लिहिलेला अर्थ. त्यांनी चष्मा पुसला.

"आता मी एकेक शब्द मोठ्याने म्हणतो," ते म्हणाले, "तू आतला क्रम तपास. यादी लांब आहे, पण तुझी सुट्टी अजून चार दिवस आहे ना?"