पूल नको गं, रस्ताच मागा

मनू, तुमचा अर्ज वाचला. फर्ग्युसन रस्त्यावर कॉलेजसमोर पादचारी पूल हवा म्हणून तुम्ही मुलं सह्या गोळा करताय. कळकळ पोचली. पण ताईचं ऐकणार असशील तर त्या कागदावर आणखी सह्या घेऊ नका. पूल मागूच नका.

लगेच तोंड फुगवू नकोस, आधी हिशेब ऐक. शहरातल्या रस्त्यावर पूल टाकायचा तर खालून बस-ट्रक जायला साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते. पुलाची जाडी धरली की झाले सहा मीटर. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धर. चाळीस पायऱ्या चढायच्या आणि चाळीस उतरायच्या. दोन तासांच्या मधे दहा मिनिटं मिळाली आहेत आणि पलीकडे चहा प्यायला जायचंय. खरं सांग, चढशील? पहिले आठ दिवस चढशील, सेल्फी काढशील, आणि मग सगळ्यांसारखी खालूनच पळशील. तुमच्या वर्गात कुबड्या घेऊन येणारी ती मुलगी तर पहिल्या दिवशीही चढणार नाही. पुलाचे खांब उभे राहणार ते पदपथावरच, म्हणजे चालायची आहे ती जागाही जाणार. वर जाहिरातींचे फलक तेवढे झकास दिसतील.

आणि एकदा पूल झाला ना, की खालून जाणाऱ्याला शिव्या घालायला सगळे मोकळे. ‘पूल दिलाय ना, मग खालून कशाला मरता?’ गाडीवाला आणखी निर्धास्त. रस्ता त्याचा आणि आपण चोर. मला पुलाचं सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

मग मागायचं काय? झेब्रा, पण नुसता रंगवलेला नाही, उचललेला. पदपथाच्या पातळीला आणलेलं सपाट क्रॉसिंग, ज्याला इंजिनियर लोक टेबल टॉप म्हणतात. आपण पदपथावरून निघतो आणि त्याच उंचीवरून पलीकडे पोचतो. चढ-उतार करायचा तो गाडीनं. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांना पुण्यात कोण विचारतं? दोन पावसाळ्यांत ते पुसूनही जातात. उंचवटा मात्र विचारायला लावतो, कारण जोरात आलास तर तुझीच गाडी आपटते.

वेगाचं गणित अर्जात नक्की घाला. ताशी पन्नास किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ चौदा मीटर पुढे जाते. म्हणजे चालकानं तुला बघून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच ती चौदा मीटर आलेली असते, थांबणं पुढेच राहिलं. तीसच्या वेगाला हेच अंतर साधारण आठ मीटर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोटारीची समोरून धडक बसली तर पन्नासच्या तुलनेत पासष्टच्या वेगाला पादचारी मरण्याचा धोका साडेचार पट होतो. आणि हे लांबचं वाटत असेल तर केंद्र सरकारचाच आकडा दे. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२ हजारांवर पायी चालणारी होती.

फर्ग्युसन रस्त्याची आणखी एक गंमत आहे, तीही लिहा. तो एकेरी आहे. लोकांना वाटतं एकेरी म्हणजे ओलांडायला सोपा. पण एकेरी रस्त्यावर एका दिशेनं तीन-चार गाड्या शेजारी शेजारी धावतात. पहिला भला माणूस तुझ्यासाठी थांबतो, तू निघतेस, आणि त्याच्या आडून दुसरा सुसाट येतो. त्याला तू दिसलेलीच नसतेस. म्हणून थांबण्याची रेघ क्रॉसिंगच्या बरीच अलीकडे मारायला सांगा. आणि दोन्ही बाजूंना काही मीटर तरी पार्किंग बंद करून घ्या. झेब्राला चिकटून मोटार उभी असली की तुला रस्त्यावर डोकं काढूनच बघावं लागतं, आणि लहान मूल असेल तर ते कुणाला दिसतच नाही. माझ्या मते पार्किंगचा हा मुद्दा उंचवट्यापेक्षाही आधी घ्यावा, कारण त्याला सिमेंट लागत नाही.

आता कुणाकडे जायचं ते. घोले रोडच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या, प्रत पथ विभागाला. पार्किंगबंदीचा आदेश मात्र वाहतूक पोलिस काढतात, त्यांना वेगळं पत्र. दोन्हीकडे एकच पत्र दिलंत तर दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतील. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. आवक क्रमांक आणि तारीख असलेला शिक्का, त्याचा फोटो ग्रुपवर. सह्या दोनशे असोत की दोन हजार, साहेब विचारणार ते आवक क्रमांकच.

महापालिकेनं २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलंय, त्याचा उल्लेख करा. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३, तीही लिहा. कनिष्ठ अभियंत्याला हा आकडा माहीत असतो. पोरींच्या तोंडून ऐकला की तो खुर्चीत जरा सरळ बसतो. २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रावर चालकानं वेग कमी करून, थांबून, पादचाऱ्याला जाऊ द्यायचं असतं. आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. एवढं पुरे. कायद्याची कलमं जास्त कोंबली की अर्ज वकिलाची नोटीस वाटतो आणि फायलीत झोपतो.

पैसे नाहीत म्हणाले तर सहभागी अंदाजपत्रकाचं नाव काढ. पुण्यात ही पद्धत २००६ पासून आहे, नागरिक आपल्या भागातली छोटी कामं सुचवू शकतात. एक क्रॉसिंग हे छोटंच काम आहे, पुलाच्या मानानं तर फारच.

अर्जाला जोडायला मोजणी लागेल, ती मात्र स्वतः करा. सकाळी कॉलेज भरताना आणि संध्याकाळी, पंधरा पंधरा मिनिटं, किती जण ओलांडतात आणि नेमके कुठून. दुसरं अधिक महत्त्वाचं आहे. माणसं जिथून ओलांडतात तिथे क्रॉसिंग पाहिजे. शंभर पावलं पुढे दिलंत तर ते रिकामं राहील आणि दोष पुन्हा चालणाऱ्यांवर. तिथे रेलिंग लावून लोकांना वळवू म्हणाले तर नको म्हणा. वेळही मोजा. तू सेकंदाला सव्वा मीटर चालतेस, बारा मीटरचा रस्ता दहा सेकंदांत पार. आपल्या आजीला पंधरा लागतील, पिशवी असेल तर अठरा. त्या आकड्यावर रस्ता आखायला हवा, तुझ्या नाही.

कुणीतरी ‘मुली कानात हेडफोन घालून घोळक्यानं चालतात, त्यांना आधी शिकवा’ असं म्हणणारच. वाद घालू नकोस. ‘हो सर, आणि क्रॉसिंगचं काय?’ एवढंच. मुद्दा हरवायचा त्यांचा डाव असतो असं नाही, बऱ्याचदा सवयच असते. तुमच्यातली जी लवकर चिडते तिला मात्र बोलायला पुढे करू नका. म्हणजे तूच गं.

आणि क्रॉसिंग होईपर्यंत माझ्यासाठी एवढं कर. कायदा आपल्या बाजूनं आहे म्हणून गाडीसमोर उतरू नकोस. हात वर कर, पहिल्या चालकाच्या डोळ्यांत बघ, तो थांबला की त्याच्या पलीकडचा थांबलाय का ते बघ, मगच निघ. रस्ता एकेरी असला तरी दोन्हीकडे बघ. उलट्या बाजूनं येणारे दुचाकीवाले काही फलक वाचत नाहीत. पावसात पट्ट्यांवर पळू नकोस, रंग बुळबुळीत होतो. आणि हे सगळं आईला सांगू नकोस, नाहीतर ती रोज अकरा वाजता फोन करून ‘पोचलीस का पलीकडे?’ विचारेल आणि तू तो फोन रस्त्याच्या मधोमध उचलशील.

नवा मसुदा झाला की व्हॉट्सॲपवर टाक. एका पानात बसव. ‘जीवघेणा’ हा शब्द आधीच्या अर्जात पाच वेळा आलाय, या वेळी एकदाच.