रक्ताचा फोटो, संगणकाची मोजणी आणि सिकलसेल

रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, हे मलेरियाच्या तपासणीमुळे आपल्या वस्तीत बहुतेकांना माहीत आहे. आता त्याच काचेचा फोटो काढून संगणकाकडून पेशी मोजून घेता येतात. ही मोजणी कशी होते आणि तिच्यावर किती विसंबावे, ते आज समजून घेऊ.

तांबडी पेशी 7 ते 8 मायक्रॉन रुंद असते. एका मिलिमीटरात अशा साधारण 130 पेशी ओळीने बसतात. फोटो संगणकात गेला की त्याचे बारीक ठिपके होतात. रंगाची एक मर्यादा ठरवून दिली की ‘इमेजजे’सारखे मोफत सॉफ्टवेअर गडद ठिपक्यांना पेशी आणि फिक्या ठिपक्यांना रिकामी जागा समजते. समजा, फोटोत 10 लाख ठिपके आहेत आणि त्यांतले 3 लाख 20 हजार गडद आहेत. म्हणजे पेशींनी 32 टक्के जागा व्यापली.

पण हे 32 टक्के म्हणजे हिमोग्लोबिन नव्हे. थेंब जाड पसरला तर त्याच माणसाचे रक्त दाट दिसते, पातळ पसरला तर विरळ. तांबडी पेशी मधोमध फिकी असते. तो भाग भरून घ्या असे सांगितले नाही, तर सॉफ्टवेअर त्याला रिकामी जागा धरते. एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी एकच मोजल्या जातात. म्हणून पेशी एकेरी पसरलेल्या भागाचे अनेक फोटो घेऊन सरासरी काढावी लागते. रक्त कमी आहे का, हे नळीत घेतलेल्या रक्ताच्या सीबीसी तपासणीवरूनच ठरवावे.

सॉफ्टवेअर पेशीचा आकारही मोजते. पूर्ण गोल असेल तर 1, लांबट होईल तसा आकडा कमी. सिकलसेलच्या रुग्णाच्या काही पेशी विळ्यासारख्या होतात, त्या अशा ओळखता येतात. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी 1910 साली अशाच पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले होते.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. विदर्भात आदिवासी समाजाबरोबर बौद्ध समाजातही सिकलसेल आढळतो. ज्याला फक्त आईकडून किंवा फक्त वडिलांकडून हा दोष आला, तो वाहक, म्हणजे ‘एएस’. त्याला सहसा त्रास नसतो आणि काचेवर त्याच्या पेशी गोलच दिसतात. फोटो कितीही चांगला असो, वाहक त्यात सापडत नाही. त्यासाठी आधी सोल्युबिलिटी चाचणी लागते. ती पॉझिटिव्ह आली, तर वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीने कळते.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि दोषमुक्त असण्याची 25 टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही.

तेव्हा लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची तपासणी सरकारी दवाखान्यात आधीच करून घ्या आणि कागद जपून ठेवा. वाहक असणे हा कुणाचा अपराध नाही. ते लपवू नका, त्यावरून कुणाला हिणवूही नका. दोघे वाहक निघाले तर डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्या. गरोदरपण आधीच असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतच दोघांची तपासणी करा. उशीर झाला की हाती असलेले मार्ग कमी होतात.