तक्रार मागे घेऊ नकोस

चि. मुक्ता,

वहिनीचा फोन आला होता. पाठलागाची तक्रार दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो मुलगा तुझ्या ऑफिसखालच्या टपरीवर उभा दिसला आणि तू म्हणालीस, 'काही उपयोग नाही, मागे घेते.' इतक्यात हात टेकलेस? तो मोकळा दिसला म्हणजे पोलिसांनी काही केलं नाही, असं नसतं. पाठलागाचा गुन्हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पण गुन्हा जामीनपात्र आहे. शिवाय सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावलंय. त्यामुळे बहुतेकदा आरोपीला नोटीस जाते, चौकशी होते आणि तो संध्याकाळी घरी जातो. पण तू गप्प बसली नाहीस हे आता त्याला कळलंय, म्हणून जपायचे दिवस हेच. एकटी येऊ-जाऊ नकोस, येण्याची वेळ बदलती ठेव, आणि पुन्हा दिसला तर तिथूनच ११२ लाव.

मागे घेते म्हणून गुन्हा मागे घेताही येत नाही. एफआयआर झाली असेल तर हा आपसात मिटवण्याजोगा गुन्हा नाही. तो रद्द व्हायला उच्च न्यायालयात जावं लागतं. तुझ्या हाती उरतं ते जबाब फिरवणं, आणि फिरवलेला जबाब पुढे तुझ्याच अंगाशी येईल. म्हणून आधी हातातला कागद नीट बघ. तो एफआयआर आहे की नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद? एनसीत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे, तेव्हा एनसीवर बोळवण झाली असेल तर उपायुक्तांना लेखी अर्ज दे. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घरी ठेव.

दादा म्हणतो, त्याला आणखी चेव येईल. ही भीती खोटी नाही. पण तू माघार घेतलीस तर टपरीवर उभं राहिलं की काम होतं, एवढंच तो शिकेल. त्यापेक्षा तो तिथे दिसल्याचा पुरवणी जबाब दे. जामिनावर असताना त्रास दिला तर जामीन रद्द करायला अशाच नोंदी लागतात. इमारतीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, ते तपास अधिकाऱ्यांना आजच मागायला सांग. त्याचे मेसेज, कितीही किळस आली तरी, पुसू नकोस आणि तो फोन विकू नकोस. तुझा जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेही होईल. तपास कुठवर आलाय हे नव्वद दिवसांच्या आत तुला कळवणं पोलिसांना बंधनकारक आहे. तोवर फोन आला नाही म्हणजे फाइल बंद झाली, असं धरून बसू नकोस.

२०१३ पर्यंत आपल्याकडे पाठलाग हा वेगळा गुन्हाच नव्हता. आमच्या तरुणपणी मुलीला वाट बदल, नोकरी सोड एवढंच सांगत, आणि आम्ही ते ऐकत आलो याची खंत मला अजून आहे. म्हणून तुझ्यावर आवाज चढला, पोरी. तू चौकीची पायरी चढलीस हे आमच्यापैकी कुणाच्यानं झालं नव्हतं. जबाबाला कधी बोलावलंय ते कळव, मी आदल्या रात्रीच्या गाडीने येते. आणि वहिनी म्हणाली, जेवत नाहीस. जेवत जा गं.

तुझी,
आत्या