फोल्डर दिसतंय, पण जोडलंय का?

लहान कार्यालयांतली संगणकांची जोडणी आणि दुरुस्ती हे माझं काम. नागपुरात एकाच खोलीत विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी चालताना सर्रास दिसतात. डिझाइन विंडोजवर, कारण कोरलड्रॉ तिथेच चालतं. जुन्या कामांचा साठा लिनक्सवर, कारण ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही नीट चालतं. ई-कोर्ट्स प्रकल्पामुळे न्यायालयांतही उबुंटू आलं, त्यामुळे वकिलांच्या कार्यालयांनाही लिनक्सचं नवल राहिलेलं नाही. विंडोज आणि लिनक्समधली ही देवाणघेवाण एसएमबी प्रोटोकॉलवर चालते. विंडोजबाहेरच्या यंत्रांना तो वापरू देणारं सॉफ्टवेअर म्हणजे सांबा; त्याची पहिली आवृत्ती ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ साली काढली.

सोय उत्तम आहे. पण तिच्यातला एक धोका मी डोळ्यांनी पाहिला आहे.

महाल भागात छपाईचं एक दुकान. सगळी कामं लिनक्सच्या यंत्रावर, आणि रोज रात्री एक स्क्रिप्ट त्यांची प्रत विंडोजच्या शेअर केलेल्या डिस्कवर टाकायची. त्यासाठी ती डिस्क लिनक्सच्या एका फोल्डरवर माउंट केलेली, म्हणजे जोडलेली, होती. मे महिन्यात एके दिवशी वीज गेली. परत आली तेव्हा लिनक्स आधी उठलं, विंडोज नंतर. जोडणीच्या वेळी समोरचं यंत्र तयार नव्हतं, म्हणून जोडणी झालीच नाही. फोल्डर मात्र जागेवर होतं, रिकामं. स्क्रिप्टला फोल्डर दिसलं आणि तिने इमानेइतबारे प्रत तिथे टाकली. म्हणजे त्याच यंत्रात, त्याच डिस्कवर. चूक दाखवणारी एक ओळसुद्धा आली नाही. पुढे ती डिस्क गेली आणि मूळ फाइल्स व प्रती एकदमच गेल्या.

"पण कॉपी तर रोज होत होती नं भाऊ?" मालक पुन्हा पुन्हा विचारत होते. होतच होती. विंडोजच्या डिस्कवरची शेवटची फाइल वीज गेली त्याच्या आदल्या रात्रीची निघाली.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की चार-दोन फाइल्ससाठी माउंट करूच नका. एसएमबीक्लायंट ही आज्ञा वापरा. 'एल' हा पर्याय दिला की समोरच्या यंत्रावरच्या शेअरची यादी मिळते. आत शिरल्यावर 'गेट'ने फाइल घ्यायची, 'पुट'ने ठेवायची. जोडणी नसेल तर ती तिथेच अडते आणि तसं सांगते.

रोजच्या प्रतीसाठी माउंट लागणारच. मग स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट या आज्ञेने फोल्डर खरंच जोडलेलं आहे का ते तपासा आणि नसेल तर स्क्रिप्ट थांबवा. त्याहून पक्का बंदोबस्त म्हणजे जोडणी सोडवून ते रिकामं फोल्डर चॅटर आज्ञेच्या 'प्लस आय'ने कुलूपबंद करणं. मग जोडणी नसताना रूटलासुद्धा तिथे काही लिहिता येत नाही. जोडणी झाली की लिहिणं नेहमीसारखं चालतं. जोडण्यांची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये 'नोफेल' लिहिण्याची पद्धत आहे. त्याने यंत्र सुरू होताना अडत नाही हे खरं, पण जोडणी झाली नाही हेही त्यानेच झाकलं जातं. माझी पसंती ऑटोमाउंटला: फोल्डर उघडताना जोडणी होते, नाही झाली तर त्रुटी दिसते. पासवर्ड आज्ञेतच टाइप करू नका. तो हिस्टरीत राहतो. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि तिची परवानगी ६०० करा.

आणखी एक जागा जपायची. समोरचं यंत्र चालू आहे, पिंगला उत्तर देतं, तरी माउंट म्हणतं 'होस्ट इज डाउन', त्रुटी ११२. पुष्कळदा कारण एवढंच असतं की जुनं विंडोज एक्सपी फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती बोलतं आणि लिनक्सने २०१७ पासून ती आपणहून बोलणं सोडलं आहे. कोणीतरी सांगतं, 'व्हर्स इक्वल टू वन पॉइंट झीरो' टाका. टाकलं की चालतंही. तरी टाकू नका. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून, आणि तेव्हा चालू असलेल्या विंडोज आवृत्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती त्याआधी मार्चमध्येच आलेली होती. एक्सपीवाचून अडत असेल तर ते यंत्र नेटवर्कच्या बाहेर ठेवा.

नावांचंही भान असू द्या. इंग्रजी अक्षरं लहान-मोठी केली की लिनक्सवर दोन वेगळ्या फाइल्स होतात, विंडोज मात्र ते एकच नाव समजतं. नावात विसर्गासारखं दिसणारं कोलन किंवा प्रश्नचिन्ह विंडोजला चालत नाही.

आज दुकान बंद करण्याआधी दुसऱ्या यंत्रासमोर स्वतः बसा आणि कालची एक फाइल तिथून उघडून बघा.