परक्या शाळेतून आपल्या भाषेकडे : ओल्हा कोबिल्यान्स्का यांचे कादंबरीलेखन

युक्रेनियन साहित्याच्या इतिहासात ओल्हा कोबिल्यान्स्का (१८६३–१९४२) यांचे नाव दोन कारणांसाठी घेतले जाते. शिकलेली, स्वतंत्रपणे विचार करणारी स्त्री त्यांनी कादंबरीच्या केंद्रस्थानी आणली, हे एक. शेतकरी आणि जमीन यांच्या नात्याची मोठी शोकांतिका त्यांनी लिहिली, हे दुसरे. मला या लेखात तिसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. ज्या भाषेत त्या मोठ्या झाल्या, त्या भाषेत त्यांचे शालेय शिक्षण झाले नव्हते. युक्रेनियन ही त्यांची साहित्यभाषा झाली, ती ठरवून आणि कष्टाने. त्यांचे साहित्य मी अनुवादांतून वाचले आहे; त्यामुळे शैलीच्या बारकाव्यांत न शिरता या निवडीविषयीच लिहितो.

बुकोव्हिना आणि घर

कोबिल्यान्स्कांचा जन्म बुकोव्हिना प्रांतातील गुरा हुमोरा या गावी झाला. हा प्रांत तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. आज त्याचा उत्तर भाग युक्रेनमध्ये आणि दक्षिण भाग रुमानियात आहे. युक्रेनियन, रुमानियन, जर्मन, ज्यू, पोलिश असे अनेक समाज तिथे शेजारी नांदत. सरकार-दरबारची आणि प्रतिष्ठेची भाषा जर्मन. वडील युक्रेनियन वंशाचे, सरकारी नोकरीतले साधे कर्मचारी. आई पोलिश-जर्मन घराण्यातली. सात भावंडांच्या या घरात मुलांचे शिक्षण पुढे गेले. ओल्हाला मिळाली ती प्राथमिक शाळेची चार वर्षे, तीही जर्मन माध्यमातली. १८७५ मध्ये चेर्निव्त्सीला विद्यापीठ निघाले, पण त्याची दारे तेव्हा मुलींना बंद होती.

बाकीचे शिक्षण वाचनातून झाले आणि ते वाचनही मुख्यतः जर्मन होते. तरुणपणीची त्यांची रोजनिशी जर्मनमध्ये आहे. सुरुवातीच्या कथाही त्यांनी जर्मनमध्येच लिहिल्या. घरात कानावर पडणारी भाषा एक, विचार मांडायला शिकवलेली भाषा दुसरी, ही स्थिती बेळगाव, इंदूर, हैदराबाद किंवा वडोदरा येथील मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

दोन मैत्रिणी आणि एक निर्णय

हा प्रवाह वळवला तो दोन स्त्रियांनी. सोफिया ओकुनेव्हस्का ही डॉक्टरची मुलगी; पुढे झ्युरिकला शिकून ती स्वतःही डॉक्टर झाली. दुसऱ्या नतालिया कोब्रिन्स्का. गॅलिशियातील स्त्री-चळवळीच्या या अग्रणी लेखिकेने ओलेना प्चिल्का यांच्यासह १८८७ मध्ये ल्विव्हमध्ये युक्रेनियन लेखिकांचा एक संग्रह संपादित केला होता. आपल्या लोकांच्या भाषेत लिही, हा आग्रह या दोघींचा. ओल्हाने तो मानला, मात्र त्याची किंमत मोजावी लागली. तयार असलेले जर्मन लेखन बाजूला ठेवून, हात न वळलेल्या भाषेत ते पुन्हा उभे करायचे होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची दीर्घकथा. जर्मन खर्ड्याचे नाव होते ‘तिने लग्न केले’. युक्रेनियनमध्ये ती ‘ल्युदिना’ झाली, म्हणजे ‘माणूस’. नायिका ओलेना सुशिक्षित आहे. तिचा वाग्दत्त वर मरण पावतो, कुटुंब आर्थिकदृष्ट्या कोसळते आणि अखेर घरच्यांच्या निर्वाहासाठी ती मनाविरुद्ध लग्नाला उभी राहते. पहिले शीर्षक तिच्या बाबतीत काय घडले ते सांगते. दुसरे शीर्षक, ज्या व्यक्तीच्या बाबतीत ते घडले ती कोण आहे, हे सांगते. शिवाय युक्रेनियनमध्ये ‘ल्युदिना’ हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे. मराठीत ‘माणूस’ म्हटले की आधी पुरुष डोळ्यांपुढे येतो आणि स्त्रीसाठी ‘बाईमाणूस’ असा वेगळा शब्द लागतो. हे लक्षात घेतले, तर त्या नावाचे वजन आपल्याला अधिक जाणवते. कोबिल्यान्स्कांनी ही कथा कोब्रिन्स्का यांना अर्पण केली.

‘त्सारिव्ना’ म्हणजे ‘राजकन्या’ या कादंबरीचीही वाट अशीच. जर्मनमध्ये ‘लोरेलाय’ या नावाने सुरू झालेले हे लेखन १८९५ मध्ये ‘बुकोव्हिना’ वृत्तपत्रातून युक्रेनियनमध्ये क्रमशः आले. पोरकी नतालका मामाच्या घरी आश्रिताचे जिणे जगते. प्राध्यापकाचे ‘चांगले स्थळ’ ती नाकारते, नोकरी करून पोट भरते आणि लेखिका होते. कादंबरीचा बराच भाग नायिकेच्या रोजनिशीच्या रूपात आहे. लेखिकेने स्वतःची रोजनिशी जर्मनमध्ये ठेवली. नायिकेची मात्र युक्रेनियनमध्ये लिहिली, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. शिकलेल्या स्त्रीच्या मनातले बोलणे त्या भाषेत आधी फारसे लिहिले गेले नव्हते. ते आता लिहिले गेले.

‘परकेपणा’चा आरोप

कोबिल्यान्स्कांच्या भाषेवर जर्मनची छाया आहे, ही टीका त्यांना वारंवार ऐकावी लागली. नीत्शेच्या वाचनाचा प्रभावही टीकाकारांना खुपत होता. १९०२ मध्ये सेर्ही येफ्रेमोव्ह यांनी नव्या साहित्यप्रवाहावर लिहिलेल्या दीर्घ लेखात त्यांच्यावर कठोर टीका केली; ही लेखिका सामान्य लोकांपासून दूर गेली आहे, असा त्याचा रोख होता. दुसरीकडे त्यांच्या बाजूने उभी राहणारी माणसेही होती. कवयित्री लेस्या उक्राइन्का १९०१ मध्ये चेर्निव्त्सीला त्यांच्याकडे राहून गेल्या. या दोघींचा पत्रव्यवहार युक्रेनियन साहित्यातील मैत्रीचा अनमोल दस्तऐवज मानला जातो. जर्मन वाचनातून आलेली दृष्टी हा दोष नसून युक्रेनियन साहित्याला झालेला लाभ आहे, असे लेस्यांचे मत होते.

सर्वांत ठोस उत्तर मात्र कादंबरीनेच दिले. ‘झेम्ल्या’ म्हणजे ‘जमीन’ ही १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी डिमका या खेड्यात खरोखर घडलेल्या भावाच्या खुनावर आधारलेली आहे. इवोनिका आणि मारिया हे कष्टाळू दांपत्य आयुष्यभर जमीन जोडते, ती मुलांसाठी. थोरला मिखाइलो मातीवर जीव टाकणारा. सैन्यात भरती झाल्यावर तो गावाच्या ओढीने झुरतो. धाकट्या साव्हाचे मन शेतीत नाही, पण हिस्सा जाईल या भीतीने भावाचा जीव घ्यायला तो मागेपुढे पाहत नाही. बापाने ज्यांच्यासाठी जमीन जपली, त्यांतला एक जमिनीखाली जातो आणि दुसरा जिवंत असून बापाला परका होतो. शेवटी मिखाइलोची प्रेयसी आन्ना आपल्या मुलाला शेतावर न ठेवता शाळेत घालायचे ठरवते. जमिनीची इतकी जाण असलेल्या कादंबरीने जमिनीबाहेरची वाट दाखवावी, यात लेखिकेच्या स्वतःच्या अर्ध्या राहिलेल्या शाळेची आठवण आहे, असे मी मानतो. लोकांपासून दूर गेल्याचा आरोप असलेल्या लेखिकेने लोकजीवनाची ही कादंबरी लिहिली, हेही ध्यानात घ्यावे.

उत्तरकाळ

१९०३ मध्ये कोबिल्यान्स्कांना पक्षाघाताचा झटका आला आणि प्रकृती कायमची अधू झाली. तरी लेखन चालू राहिले. लोकगीतातील विषप्रयोगाच्या कथेवर रचलेली कादंबरी १९०९ मध्ये आली. १९१८ नंतर बुकोव्हिना रुमानियात गेला आणि तिथे युक्रेनियन शाळांची, प्रकाशनाची वाट अरुंद झाली. १९४० मध्ये सोव्हिएत सत्ता आली, १९४१ मध्ये पुन्हा रुमानियन. मार्च १९४२ मध्ये चेर्निव्त्सीत त्यांचे निधन झाले. त्यांचे घर आज संग्रहालय आहे आणि शहराच्या नाट्यगृहालाही त्यांचेच नाव आहे.

अभ्यासकांसाठी

कोबिल्यान्स्कांनी जर्मन टाकून दिली नाही. युक्रेनियन लेखकांचे साहित्य त्यांनी जर्मनमध्ये नेले. शाळेची भाषा त्यांनी अशी आपल्या भाषेच्या सेवेला लावली. भाषेची निष्ठा म्हणजे दुसऱ्या भाषेचा त्याग, हे समीकरण त्यांच्याबाबतीत टिकत नाही. ‘शुद्ध नाही’ म्हणून नव्या लेखकाचे वाक्य खोडताना आपण शिक्षकांनी हे आठवावे. त्या वाक्यात दुसऱ्या भाषेतून आलेली चूक आहे की आपल्या भाषेत आजवर न आलेला विचार, हे आधी तपासावे.

विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्नांवर विचार करावा. एकाच कथेची दोन शीर्षके वाचकाची अपेक्षा कशी बदलतात? रोजनिशीचे रूप नायिकेला कोणते स्वातंत्र्य देते? आपल्या गावात घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असेल, तर कोणत्या गोष्टी आपण फक्त एकाच भाषेत बोलू शकतो, आणि त्या दुसरीत लिहायच्या झाल्यास काय काय नव्याने घडवावे लागेल?