मनोरा

तंजावर जिल्ह्याच्या सागरकिनारी, सरभेंद्रराजनपट्टिणम येथे आठ मजल्यांचा षट्कोनी मनोरा उभा आहे. भोवती तटबंदी व खंदक. समोर पाल्कची सामुद्रधुनी. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ तो १८१४ मध्ये उभारला.

१७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. राजांकडे किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले होते. ज्यांनी सत्ता घेतली, त्यांच्याच विजयाचे हे स्मारक आहे.

तथापि, याच राजांनी सरस्वती महाल ग्रंथालय मराठी, संस्कृत, तमिळ व तेलुगू ग्रंथांनी समृद्ध केले. तेथील हस्तलिखिते आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात.

विचार करा : सरफोजी राजांचे खरे स्मारक कोणते? सकारण लिहा.